चार नंबरची हाक

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या गोवेकरांच्या ‘गोवा सुधारोप’ या संस्थेने एक काम अंगावर घेतले होते. तिकडच्या कचेऱ्यांतून मोडीत निघालेले संगणक गोळा करायचे, ठाकठीक करायचे आणि गोव्यातल्या शाळांना पाठवायचे. यंत्र फुकट मिळाले तरी विंडोजचा परवाना फुकट मिळत नाही, म्हणून या शाळांसाठी लिनक्सची वाट निवडली गेली. समजा, पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या अशा एखाद्या शाळेत एका मुलीने सी भाषेतला आपला पहिला प्रोग्राम लिहिला. चार-पाच ओळींचा. काम एकच, पडद्यावर रोमन लिपीत ‘नमस्कार’ उमटवायचा. तिने कंपायलर चालवला, तयार झालेली फाइल चालवली आणि काळ्या पडद्यावर पांढरी आठ अक्षरे आली.

प्रत्यक्षात तिच्या प्रोग्रामने पडद्याला हातही लावला नव्हता. कंपायलर ‘प्रिंटएफ’ या नावापाशी आला तेव्हा त्याने एवढेच लिहून ठेवले, की इथून त्या नावाच्या फंक्शनकडे उडी घे. ते फंक्शन होते सी लायब्ररीत. लायब्ररीने आठ अक्षरे घेतली, ओळ संपल्याची खूण नववी म्हणून मोजली आणि प्रोसेसरच्या चार रजिस्टरांत चार आकडे ठेवले. पहिल्यात ४, म्हणजे ‘राइट’ हे काम. दुसऱ्यात १, म्हणजे प्रोग्रामचे नेहमीचे आउटपुट, इथे पडदा. तिसऱ्यात मेमरीतला पत्ता, जिथे ती अक्षरे होती. चौथ्यात ९, म्हणजे किती बाइट. मग एकच सूचना : इंटरप्ट ८०. हे ८० षोडशमान पद्धतीतले, आपल्या हिशोबात १२८. त्या क्षणी प्रोग्राम जागच्या जागी थांबला, प्रोसेसरने अवस्था बदलली आणि कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, कामाला लागला. काम उरकल्यावर त्याने पहिल्या रजिस्टरात उत्तर ठेवले : ९. नऊ बाइट लिहिले. प्रोग्राम पुढे चालू झाला.

या देवघेवीला सिस्टीम कॉल म्हणतात. मला तिला हाक म्हणावेसे वाटते. कंपाइल झालेला प्रोग्राम बेरजा-वजाबाक्या करू शकतो, आपल्या वाट्याच्या मेमरीत आकडे इकडचे तिकडे हलवू शकतो, तुलना करू शकतो. बाहेरच्या जगाशी संबंध आला की मात्र त्याला हाकच मारावी लागते. फाइल उघडायची, हाक. दुसऱ्या संगणकाशी बोलायचे, हाक. काम संपवून नाहीसे व्हायचे, तर त्यालाही हाक आहे, क्रमांक १.

आणि त्या मुलीच्या प्रोग्रामने ज्या क्रमांकाने हाक मारली तो ४ तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा होता. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यातही ‘राइट’चा क्रमांक ४ आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत, वेगळ्याच कंपनीच्या, वेगळ्याच घडणीच्या यंत्रासाठी ठरलेला हा आकडा तीस वर्षांनी गोव्याच्या शाळेत जशाचा तसा पोहोचला. तो कसा पोहोचला हे सांगायचे तर आधी, ही हाक मुळात का लागली, तिथून सुरुवात करावी लागते.

सुरुवातीच्या संगणकांत ती नव्हती. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची मेमरी होती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. अशा यंत्रावर ज्याची पाळी, त्याचे सगळे यंत्र. प्रोग्राम थेट टेप वाचायचा, थेट छापायचा. त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते, कारण ज्याला धोका पोहोचेल असा दुसरा कोणी यंत्रात नव्हताच.

अडचण पैशाची आणि वेळेची होती. गणित करणारा भाग झपाट्याने वेगवान होत गेला, पण कार्डे वाचणारी, टेप फिरवणारी, कागद छापणारी यंत्रे त्या मानाने गोगलगायीच्या चालीची राहिली. एक प्रोग्राम टेपची वाट पाहत बसला की सगळे यंत्र बसून राही. उपाय उघड होता : मेमरीत दोन-चार प्रोग्राम एकदम ठेवायचे आणि एक थांबला की दुसऱ्याला चालवायचे. पण एका छपराखाली चार बिऱ्हाडे आली की विहीर कोणाची, चूल कोणाची हे ठरवावे लागते. एका प्रोग्रामच्या चुकीने दुसऱ्याची मेमरी पुसली गेली तर? दोघांनी एकाच टेपवर लिहिले तर? एखाद्याने यंत्र सोडलेच नाही तर? म्हणून यंत्रात एक कायमचा कारभारी बसवावा लागला, आणि बाकीच्यांचे काही अधिकार काढून त्याच्याकडे द्यावे लागले. अधिकार काढले की मागण्याची रीत आपोआप लागते.

ती रीत कुठे घडली याची स्पष्ट नोंद मँचेस्टरमध्ये सापडते. तिथल्या विद्यापीठाने फेरांती कंपनीच्या जोडीने बांधलेल्या ‘ॲटलस’ संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या कारभारी प्रोग्रामला नाव होते सुपरवायझर, आणि त्याबद्दल टॉम किलबर्न, डेव्हिड हॉवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच निबंध लिहून ठेवला होता. त्यांची युक्ती आजही पाहण्यासारखी आहे. ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या काही सूचना त्यांनी ठेवल्या. दिसायला त्या बेरीज-गुणाकारासारख्याच, पण यंत्र ती सूचना स्वतः पार पाडत नसे. ते स्थिर मेमरीत आधीच कोरून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामकडे ताबा देई आणि तो आटोपला की परत येई. कोनाची ज्या काढायची असेल तरी एक्स्ट्राकोड, सुपरवायझरकडून टेप मागायची असेल तरी एक्स्ट्राकोड. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच ओळीची कामे. यंत्राकडे अमुक करण्याची शक्तीच आहे, असा भास उभा करायचा आणि मागे खरे काम दुसऱ्याने करायचे, ही कल्पना तेव्हापासून आजतागायत हलली नाही.

अटलांटिकच्या पलीकडे एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवत होते. अनेक माणसांनी एकाच वेळी टंकयंत्रांवर बसून एकच संगणक वापरायचा, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या सीटीएसएस या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. पुढे आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर तिला पक्के रूप आले तेव्हा मेमरीचे दोन वेगळे गाळे होते, प्रत्येकी ३२,७६८ शब्दांचे. एक फक्त सुपरवायझरचा, दुसरा वापरणाऱ्यांचा. वापरणाऱ्याच्या प्रोग्रामने टेपला किंवा टंकयंत्राला थेट हुकूम सोडला, तर यंत्र तो हुकूम न पाळता ताबा सुपरवायझरकडे नेई. विनंतीची रीत आता सौजन्यावर अवलंबून राहिली नाही. ती तारांत आली.

त्या नोव्हेंबरनंतरच्या महिन्यात, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला आणि आमच्या पेडण्याची सीमा पुसली गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पेडणे-डिचोलीच्या माणसाला नाका म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, आणि म्हणूनच इथे थोडा थांबतो. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांचा. डिचोली त्याच्या काही वर्षे आधी पोर्तुगिजांकडे गेली. दोन्ही तालुके ‘नव्या काबिजादी’तले. सोयरीक, देव, बाजार पलीकडे आणि मधे सरकारची रेघ. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला ती रेघ ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. तिथले स्मारक पाहताना आमच्या पिढीला नाक्याचा एक अर्थ कळतो. दुसरा, रोजचा अर्थ आजही पत्रादेवीला आणि दोडामार्गला दिसतो : गोव्यातून दारू नेणारी गाडी अबकारी नाक्यावर थांबते, चालक कागद पुढे करतो, आतला माणूस तो वाचतो, गाडीत पाहतो आणि मग सोडतो किंवा अडवतो.

संगणकातला नाका या दुसऱ्या जातीचा. गाडीवाला कचेरीत शिरून स्वतःच्या परवान्यावर स्वतः शिक्का मारत नाही. तो ठरलेल्या खिडकीपाशी कागद ठेवतो. प्रोग्रामही तसाच कर्नेलच्या हव्या त्या भागात उडी मारू शकत नाही. सूचना एकच आणि ती एकाच ठरलेल्या दारात नेऊन सोडते. त्या दारातून आत जाताना प्रोसेसरची अवस्था बदलते आणि बाहेर येताना ती पुन्हा पूर्वीसारखी होते. आत बसलेला कर्नेल गाडीवाल्याच्या शब्दावर जात नाही. क्रमांक यादीत आहे का, ज्या फाइलीत लिहायला सांगितले ती या प्रोग्रामने खरोखर उघडलेली आहे का, अक्षरांचा म्हणून जो पत्ता दिला तो त्याच्या स्वतःच्या मेमरीतला आहे का, हे सगळे तो स्वतः तपासतो. पत्ता परक्याचा निघाला तर उत्तर येते उणे १४. लिनक्सच्या कोष्टकात १४ म्हणजे ‘चुकीचा पत्ता’. शाळेत सी शिकवताना ही तपासणी कोणी दाखवत नाही याची मला खंत आहे, कारण संगणक विश्वासार्ह का राहतो याचे निम्मे उत्तर तिच्यात आहे.

७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने ‘सिस्टीम ३६०’ ही यंत्रमाला जाहीर केली आणि दोन्ही गोष्टी तिच्या घडणीतच घातल्या. प्रोसेसरला दोन अवस्था, एक प्रोग्रामची, एक सुपरवायझरची. आणि हाक मारायला एक खास सूचना, जिच्या पोटात ० ते २५५ मधला एक आकडा. हवे ते काम आकड्याने मागायचे, ही पद्धत इथे व्यापारी यंत्रात रुळली. त्याच वर्षी टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. देशातल्या कितीतरी संशोधकांनी कारभाऱ्याच्या देखरेखीखाली चालणारे यंत्र पहिल्यांदा वापरले ते तिथे. टिफ्रॅकवर यंत्राचा मालक असलेला प्रोग्राम सीडीसीवर भाडेकरू झाला.

मग मल्टिक्स. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांची ही महत्त्वाकांक्षी योजना. तिच्यात दोन अवस्थांऐवजी एकात एक वर्तुळे होती, जितके आत तितका अधिकार जास्त. योजना लांबत गेली आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. हात रिकामे झालेल्या केन थॉम्पसनने एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर स्वतःपुरती छोटी प्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची सोबत होता. तीच युनिक्स.

१९७१ मध्ये युनिक्स पीडीपी-११/२० वर आली. कंपनीच्या पेटंट खात्यातले टंकलेखक तिच्यावर अर्ज टाइप करू लागले. इथे एक विलक्षण गोष्ट आहे. त्या यंत्रात मेमरीच्या रक्षणाची काहीच सोय नव्हती. कोणाचाही प्रोग्राम कोणाच्याही मेमरीत घुसू शकत होता, कर्नेलच्या सुद्धा. रिचीने पुढे सांगितले आहे, की नवा प्रोग्राम चालवून बघण्याआधी खोलीत मोठ्याने ‘ए डॉट आउट?’ असे ओरडायची पद्धत होती. कंपायलरमधून निघालेल्या फाइलीचे ते नाव. ओरडा ऐकला की बाकीचे आपापले लिखाण पटकन साठवून घेत. आमच्याकडे काळ्या दगडाच्या क्वारीत सुरुंग पेटवण्याआधी आरोळी देतात, तसेच.

आणि तरीही, रक्षण नसलेल्या त्या यंत्रावर थॉम्पसन-रिचींनी हाक मात्र नाक्यावरूनच जाईल अशी ठेवली. पीडीपी-११ ला ‘ट्रॅप’ नावाची सूचना होती, तिच्या खालच्या आठ बिटांत क्रमांक बसे. १ म्हणजे संपव, २ म्हणजे स्वतःची दुसरी प्रत काढ, ३ वाच, ४ लिही, ५ फाइल उघड, ६ बंद कर. किती मोठे, कुठून घ्यायचे असा तपशील ट्रॅपच्या पाठोपाठ, प्रोग्रामच्याच ओळीत चिकटवलेला असे. चूक झाली तर प्रोसेसरचा ‘कॅरी’ बिट उभा राही. ही आखणी आधी झाली म्हणूनच पुढच्या यंत्रांत मेमरीचे रक्षण आले तेव्हा प्रोग्रामांना हाक मारण्याची रीत बदलावी लागली नाही. नाक्याची जागा ठरलेली होती, नंतर फक्त दोन्ही बाजूंना कुंपण पडले. या एका निर्णयाला मी युनिक्सच्या यशात फार वरचे स्थान देतो.

सगळ्या हाका मिळून तिशीच्या घरात होत्या आणि मॅन्युअलचा दुसरा विभाग त्यांच्यासाठी राखलेला होता. तो विभाग आजही दुसराच आहे. १९७३ मध्ये कर्नेल सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याला ट्रॅप दिसेनासा झाला. सी भाषेत त्याने ‘राइट’ असे साधे फंक्शन लिहावे, आणि लायब्ररीतल्या यंत्रभाषेच्या दोन-चार ओळींनी आकडा योग्य जागी ठेवून दार ठोठावावे. कंपायलरला या दाराची खबरच नसते. त्याच्या लेखी ते इतर फंक्शनांसारखेच एक नाव. एकच सी प्रोग्राम वेगवेगळ्या यंत्रांवर कंपाइल होऊ शकतो, कारण दाराची कुलपे-किल्ल्या लायब्ररीच्या कनवटीला राहतात.

हे ज्ञान पसरले त्यामागे एका शिक्षकाची मेहनत आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्सने युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा पूर्ण कर्नेल ओळीनिशी समजावणारे भाष्य विद्यार्थ्यांसाठी लिहिले. १९७७ पर्यंत ते तयार होते. ट्रॅप झाल्यापासून उत्तर परत येईपर्यंतचा रस्ता त्यात पाऊलवाटेसारखा दाखवला होता. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ कोड वर्गात शिकवायला बंदी घातली आणि ते पुस्तक वर्षानुवर्षे झेरॉक्सवर फिरत राहिले. उघडपणे छापून बाजारात यायला १९९६ उजाडले. आपल्याकडे आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या धनंजय धामधेरे यांनी सिस्टीम प्रोग्रामिंग आणि ऑपरेटिंग सिस्टीमवर लिहिलेली पाठ्यपुस्तके, आणि अच्युत गोडबोले यांचे ऑपरेटिंग सिस्टीमवरचे पुस्तक, यांच्यावर अभियांत्रिकीच्या पिढ्या वाढल्या. कंपायलर आणि कर्नेल यांच्यातला सांधा अनेकांना पहिल्यांदा दिसला तो अशा पानांत.

मधल्या काळात घरोघरी पोहोचला तो मात्र नाका नसलेला संगणक. १९८१ च्या आयबीएम पीसीतला इंटेल ८०८८ एकाच अवस्थेत चाले. एमएस-डॉसला हाक मारायला इंटरप्ट २१ होता, तोही षोडशमानातला. पण त्याची सक्ती नव्हती. वेग हवा असलेले प्रोग्राम डॉसला बाजूला सारून पडद्याच्या मेमरीत थेट अक्षरे ठेवत. घाई असेल तर नाक्याशेजारच्या काजूच्या बागेतून गाडी घालावी, आणि अडवायला कोणी नसावे, तसा प्रकार. त्या काळच्या व्हायरसांना याचा किती फायदा झाला हे फ्लॉपी वापरलेल्यांना आठवत असेल. १९८५ च्या इंटेल ३८६ ने साध्या पीसीला अधिकाराच्या चार पायऱ्यांच्या जोडीला मेमरीचे पानवार रक्षणही दिले. डॉस चालवणाऱ्या बहुतेकांच्या यंत्रांत ही ताकद वापराविना पडून राहिली.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या सुरुवातीला ३८६ घेतला आणि ती ताकद वापरायची ठरवली. सप्टेंबरमध्ये त्याने लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती बाहेर काढली. कोणत्या हाका लागतील हे त्याने विद्यापीठातल्या सन यंत्रांच्या मॅन्युअलवरून पाहिले होते. दार म्हणून इंटरप्ट ८० निवडला. क्रमांकांची त्याची यादी आणि १९७१ ची यादी शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे : संपव, प्रत काढ, वाच, लिही, उघड, बंद कर, आणि पुढे वेळ विचारण्याच्या १३ व्या हाकेपर्यंत तोच क्रम. मूळ युनिक्सच्या कोडची एक ओळही लिनक्समध्ये नव्हती. आला तो फक्त हिशोब, कुठल्या आकड्याने काय मागायचे याचा. पोर्तुगीज गेले तरी गोव्यात लग्न-वारशाचा त्यांचा दिवाणी कायदा राहिला, तसे काहीसे.

अशा रीतीने तो ४ आपल्या शाळांत आला.

पण गोष्ट इथे थांबत नाही, कारण नेमक्या त्याच वर्षांत त्या दारावर गर्दीचा ताण दिसू लागला होता. डिसेंबर २००२ मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आले, की नव्याकोऱ्या पेंटियम ४ वर एक हाक जुन्या पेंटियम ३ पेक्षा जास्त वेळ खाते. इंटरप्टने आत जाताना प्रोसेसर पुष्कळ जुन्या तपासण्या करतो, आणि पेंटियम ४ च्या लांबलचक रांगेसारख्या घडणीला ते जड जात होते. इंटेलने पेंटियम २ पासून ‘सिसएंटर’ नावाची झटपट सूचना दिली होती, लिनक्सने ती वापरली नव्हती. टोरवाल्ड्सने काही दिवसांत तोडगा काढला. कर्नेलनेच प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीत एक छोटे पान ठेवायचे आणि त्या यंत्राला सोयीचे दार कोणते ते त्या पानावर लिहायचे. लायब्ररीने थेट दार न ठोठावता त्या पानावर जावे. पुढे याच पानावर वेळ सांगण्याची सोय झाली. घड्याळ बघण्यासाठी आता प्रोग्रामला बहुतेक वेळा नाक्यावर जावेच लागत नाही, वेळ नाक्याबाहेरच्या फळ्यावर लिहिलेली असते.

२००३ मध्ये एएमडीने ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणला आणि त्यासोबत ‘सिसकॉल’ ही हलकी सूचना या यंत्रांची मुख्य वेस झाली. लिनक्सने ही संधी साधून क्रमांक नव्याने लावले. वाचणे ०, लिहिणे १, उघडणे २, बंद करणे ३. आणि ४? नव्या वेशीवर ४ म्हणजे फाइलीची माहिती विचारणे. तीस वर्षांचा आकडा अर्थ बदलून बसला, पण जुनी वेस पाडली नाही. ६४ बिटांच्या त्याच कर्नेलमध्ये इंटरप्ट ८० चे दार उघडे ठेवले गेले आणि त्या दारावर ४ चा अर्थ ‘लिही’ असाच राहिला. एक गाव, दोन वेशी, आणि एकाच आकड्याचे दोन अर्थ.

जुने दार राखण्याची किंमत पडते, तीही सांगितली पाहिजे. जुन्या वेशीवरच्या पहारेकऱ्याने क्रमांक यादीत आहे का हे पाहताना रजिस्टरचे खालचे ३२ बिटच पाहिले, आणि आत यादीतून काम शोधताना मात्र पूर्ण ६४ बिट वापरले गेले. वरच्या ३२ बिटांत भलते काही भरून ठेवणाऱ्याला कर्नेलच्या अधिकाराने हवे ते चालवून घेता येत होते. २००७ मध्ये हे भोक सापडले आणि बुजवले. पुढच्या एका बदलात ते नकळत पुन्हा उघडले आणि २०१० मध्ये पुन्हा सापडले. तीन वर्षांच्या अंतराने तेच भोक.

जुने प्रोग्राम चालत राहतील हे वचन कुठे ठेवायचे याबद्दल सगळ्यांचे एकमत नाही. लिनक्सचे वचन दारावरच्या क्रमांकापाशी आहे. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, प्रोग्रामने मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीमार्फतच बोलावे अशी अपेक्षा. ॲपलचेही तसेच. गो भाषेच्या कंपायलरने मॅकवर मधली लायब्ररी टाळून थेट दार ठोठावायची पद्धत ठेवली होती. २०१६ मध्ये सिएरा आवृत्तीत वेळ विचारण्याच्या हाकेची रीत बदलली आणि आधी कंपाइल केलेले गो प्रोग्राम कोसळू लागले. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या १.१२ आवृत्तीपासून गो तिथे मुकाट्याने ॲपलच्या लायब्ररीमार्फत जाऊ लागली.

मधेच आली ३ जानेवारी २०१८ ची बातमी. ‘मेल्टडाउन’ नावाचा दोष उघड झाला. अंदाजाने पुढच्या सूचना आधीच चालवून ठेवण्याच्या इंटेलच्या सवयीमुळे, सामान्य प्रोग्रामला कर्नेलच्या मेमरीतले बाइट आडमार्गाने वाचता येत होते. १९६१ पासून ज्या भिंतीवर भरवसा ठेवला होता तिच्यातून आतले दिसत होते. कर्नेलची मेमरी तोवर प्रत्येक प्रोग्रामच्या नकाशात झाकून ठेवलेली असे, म्हणजे आत-बाहेर करताना नकाशा बदलायला नको. आता तो प्रत्येक हाकेला बदलावा लागला. ज्या कामांत हाका फार, ती जास्त मंदावली. दुसऱ्याच वर्षी लिनक्समध्ये आणखी एक वाट आली : प्रोग्राम आणि कर्नेल दोघांना दिसेल अशा मेमरीत मागण्यांची रांग लावून ठेवायची आणि एका फेरीत शंभर कामे आटोपायची. ॲटलसच्या माणसांना ही कल्पना पटली असती असे मला वाटते. त्यांचाही मूळ राग वाट बघण्यावरच होता.

त्या मुलीची फाइल कोणाच्या तरी जुन्या सीडीत अजून असेल. ती लायब्ररीसकट एकत्र जोडून तयार केलेली असेल तर तिला आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर दुसरे काहीच लागत नाही. अलीकडे, ६.७ आवृत्तीपासून, यंत्र सुरू करतानाच ३२ बिटांची जुनी वेस बंद ठेवण्याची सोय कर्नेलमध्ये झाली आहे. ती बंद असेल तर फाइल सुरूही होणार नाही. उघडी असेल, तर इंटरप्ट ८० होतो, कर्नेल क्रमांक पाहतो, पत्ता तपासतो, आठ अक्षरे पडद्यावर येतात आणि पहिल्या रजिस्टरात ९ परत येतात.